आंगस रोरींचा वेग

मार्गारी, केप ब्रेटन
९ नोव्हेंबर

प्रिय रॅनल्ड भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्हाला दोनच शंका आल्या असतील: कुणीतरी गेलं असावं, किंवा वहिनी उपदेश करणार असावी. सगळे धडधाकट आहेत. उपदेशाबद्दल मात्र आधीच शब्द देत नाही. तुमची पेगी मावशी तर इतकी धडधाकट आहे की काल तिने चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ स्वतः खरवडला आणि फादरना वर ऐकवलं, "तरण्याताठ्या माणसाने जरा कंबर वाकवावी."

'भाऊजी' म्हटलेलं चालतं ना अजून? आमच्या लग्नात, ओटकेकचा तुकडा तोंडात असताना, तुम्ही मान हलवून ही पदवी स्वीकारली होतीत. पदव्या परत घेण्याची सोय आमच्यात नाही.

लिहिण्याचं निमित्त असं की तुमच्या बंधुराजांनी रेकॉर्डी वाजवायला नवं टर्नटेबल घेतलं. हो, त्याच लॉकीने, जो फाटक्या बुटाला वर्षानुवर्षं गोंद लावतो. सासूबाईंचं ते कॅटलॉगमधून मागवलेलं, प्लास्टिकवर लाकडाचा रंग फासलेलं यंत्र तळघरात गेलं आणि हॅलिफॅक्सहून खोक्याखोक्यांतून एक देवता आली. एका खोक्यात पाया, एकात थाळी, एकात दांडी आणि एवढ्याशा डबीत सुई. थाळी इतकी जड की उचलताना लॉकीच्या तोंडून गेलिक बाहेर पडली. ती भाषा तो एरवी फक्त गाय आणि सरकार यांच्यासाठी राखून ठेवतो.

किंमत मी विचारली नाही. संसार टिकवायचा तर काही पदं अध्याहृत ठेवावी लागतात.

सासूबाईंच्या यंत्राची दांडी रेकॉर्ड संपली की आपणहून उठायची आणि जागेवर जाऊन पडायची, सुनेने शिकावं अशा शिस्तीने. नव्याला यातलं काही येत नाही. झाकण नाही, परत जाणं नाही. रेकॉर्ड संपली तरी सुई शेवटच्या वर्तुळात खुरखुरत बसते आणि माणसाने उठून ती उचलायची. मी म्हटलं, "जास्त देऊन कमी काम करणारं यंत्र आणलंस की रे." तर म्हणाला, "सुमी, हे एकच काम करतं. पण खोटं करत नाही."

खरी पंचाईत जमिनीची झाली. आपल्या घराची जमीन नाचण्यासाठी बांधलेली. स्वयंपाकघरात कुणी चमचा पाडला तरी दिवाणखान्यात सुई उडते. जुन्या दांडीवर सासूबाईंनी नाणं चिकटवून तो प्रश्न सोडवला होता. नव्या दांडीला नाण्याचा विटाळ होतो. शेवटी लॉकीने चिमणीच्या दगडात लोखंडी कंस ठोकून त्यावर मेपलची फळी बसवली आणि सुतारकामाची पाणपातळी ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत श्वास रोखला. आमच्या दोघांच्या पलंगाचा पाय गेली कित्येक वर्षं लंगडतोय, त्याच्याकडे हे गृहस्थ कधी पाणपातळी घेऊन आले नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर म्हणाला, कानांसाठी. मध्यंतरी अँटिगोनिशला कान दाखवून आला. विशेष काही नाही म्हणाला. मीही विशेष काही नाही असंच लिहिते.

रविवारी प्रार्थनेनंतर पहिली रेकॉर्ड लागणार, अर्थात मामंजींची. गाव अजून त्यांना बापाच्या नावासकट 'आंगस रोरी' म्हणतं. मामंजींना मी प्रत्यक्ष कधी भेटले नाही. माझ्यासाठी ते त्या एका रेकॉर्डमध्येच राहतात. अख्ख्या काउंटीतला सगळ्यांत वेगवान फिडलवाला, असं मला सून म्हणून पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. (मी 'व्हायोलिन' म्हटलं तर त्या दिवशी मला चहा मिळाला नव्हता.)

सासूबाईंना पोचवून आल्यानंतरची ती दुपार मी उगाळत नाही. फक्त माझ्या डोळ्यांदेखत काय झालं तेवढं लिहिते, म्हणजे पुढे वाद नको. तुम्ही फिडल काढलंत. लॉकी पियानोवर बसला. तुम्ही तारा पियानोला जुळवायला नकार दिलात आणि म्हणालात, "हा पियानो चढा आहे. बाबा इतक्या वर कधी नव्हते, आणि इतक्या घाईतही नव्हते." लॉकी उठला, रेकॉर्ड लावली आणि उभ्याउभ्या एकेक पट्टी दाबून दाखवली. तंतोतंत. साऱ्या गावासमोर. "आता सांग, बाबा खोटे की तू?"

तुम्ही फिडल पेटीत ठेवलंत. तेव्हापासून फोर्ट मॅकमरीहून नाताळचं कार्ड तेवढं येतं, तेही माझ्या नावाने. पियानो त्या दिवसापासून बंद आहे. फिडलशिवाय नुसता पियानो कोण वाजवतो, असं लॉकी म्हणतो. मी त्यावर जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या आहेत.

हे पत्र लिहिल्याचं त्याला ठाऊक नाही.

तुमची वहिनी,
सुमेधा

१८ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

रविवारचं वर्तमान असं. पेगी मावशी हॅट घालून आली. चहा झाला, ओटकेक झाले. लॉकीने कोपरापर्यंत हात धुतले. मला क्षणभर वाटलं, हा आता आचमनही करतो की काय. मग त्याने रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली आणि आपल्या खुर्चीत असा बसला, जसा माणूस बापाला घ्यायला स्टेशनवर बसतो.

आणि आले ते दुसरेच कुणी.

मामंजींचा सूर खाली आला होता. फार नाही, पण रोजच्या दाराची चौकट बोटभर उतरली तर डोक्याला जसं कळतं, तसं कळलं. आणि वेग! ज्या रीलवर, म्हणजे नाचाच्या धूनवर, इथली पोरं पाय मोडून घेतात, ती रील अशी चालली होती की वाटेत कुणी भेटलं तर थांबून बोलताही यावं. पायाचा ठेका तुम्हाला आठवतो ना, बुटाची टाच? जुन्या यंत्रावर ती शिवणयंत्रासारखी यायची. आता कुणीतरी चालत असल्यासारखी आली.

पेगी मावशीने कप खाली ठेवला. "अगंबाई, आंगस! किती दिवसांनी आलास रे."

लॉकी म्हणाला, "मावशी, हे बाबा नाहीत. यंत्र बिघडलंय."

"यंत्राचं मला काय कळतं बाबा," मावशी म्हणाली. "मेहुण्याचं कळतं."

एवढं बोलून ती ओटकेककडे वळली, आणि तुम्हाला माहीत आहे, ती गप्प बसली की तिच्या पोटात काहीतरी असतं. पण लॉकीने अर्ध्यावरच सुई उचलली. यंत्रासोबत एक ठिपक्यांची चकती आणि एक छोटा दिवा आला आहे. चकती थाळीवर ठेवून फिरवायची, वेग बरोबर असेल तर दिव्याखाली ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. लॉकीने चकती फिरवली. ठिपके उभे. शिपायांसारखे उभे. पुन्हा फिरवली. पुन्हा उभे.

मग तो लाकडं फोडायला गेला. नव्या पोपची निवड होईपर्यंत पुरतील इतकी लाकडं आता पडवीत आहेत.

हॅलिफॅक्सच्या दुकानदाराला फोन झाला. तो बिचारा म्हणाला, ठिपके उभे आहेत ना, मग यंत्राचं काही चुकत नाही. लॉकी म्हणाला, "माझ्या बापाला मी ओळखत नाही का?" यंत्र परत पाठवायचं ठरतंय. खोकी वर आली आहेत.

मी यात काही बोललेले नाही. तुम्हाला मात्र सांगते: त्या टाचेचा ठेका ऐकताना मला तुमचं ते वाक्य आठवलं. 'इतक्या घाईतही नव्हते.' तुम्ही चौदा वर्षांचे होईपर्यंत त्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलात. लॉकी तेव्हा ओंटारियोत कामाला. बाप गेल्यावर घरी आला आणि रेकॉर्डच्या शेजारी बसला. दोघांनाही बापानेच शिकवलं, पण बाप एकच होता का, हा माझा प्रश्न आहे.

तुमची,
सु. व.

३० नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

ट्रकचं चित्र असलेलं कार्ड पोचलं. मागे लिहिलेलं एकच वाक्य, "यंत्र परत पाठवू देऊ नका," मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. सूत्र म्हणतात ते याला. भाष्य करायला वाव पुष्कळ आहे.

यंत्र परत गेलेलं नाही. पण आधी एक कबूल करायचं आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं की लॉकी यंत्राला दोष देत होता. तोंडाने देत होता. त्या दिवशी पडवीत मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो कुऱ्हाड टेकून एका कानावर तळहात ठेवून उभा होता. मग दुसऱ्या कानावर. अँटिगोनिशच्या डॉक्टरने 'विशेष काही नाही' म्हटलेलंच नव्हतं. डावा कान चालला आहे, सावकाश चालला आहे, आणि कधी कधी सूर खालीवर ऐकू येतील असंही तो म्हणाला होता. ऐकू येतंय तोवर बाबांना एकदा नीट ऐकून घ्यावं म्हणून हे टर्नटेबल आलं. आणि नीट ऐकायला बसला तर बाबा उतरलेले. त्याला वाटलं, झालं, कान गेला.

हे तुम्हाला कळवायचं नाही असं माझ्याकडून वचन घेतलं आहे. वचन घेतलं तेव्हा मी त्याच्या डाव्या बाजूला होते, त्यामुळे मी काय उत्तर दिलं ते त्याने ऐकलं नसावं.

मग मी म्हटलं, "लॉकी, तुझा कान चुकेल. माझा चुकणार नाही, कारण मला मुळात सूर कळतच नाही. मी नुसतं वर की खाली ते सांगते. पियानो उघड." कुंड्या उतरवल्या. एक एक करत घरातल्या दुसऱ्या रेकॉर्डी नव्या यंत्रावर लावल्या. प्रत्येकीला पियानो चढा. नाताळच्या गाण्यांनासुद्धा.

मी विचारलं, "हा पियानो सुरात लावला कुणी?"

"आईने लावून घेतला. बाबा गेल्यावर. तो म्हातारा सूर लावणारा आपला सूर तपासायचा काटा घेऊन आला होता, आईने त्याला तो खिशात ठेवायला लावला. रेकॉर्ड लावली आणि म्हणाली, 'माझ्या नवऱ्याच्या सुराला लाव.' सगळ्या गावाला माहीत आहे. बाबांच्या सुराला लावलेला पियानो आहे हा."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. सांगून झालं आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

भाऊजी, मी दर वर्षी कॉलेजात, वर्गात येतील तेवढ्या मुलांना, अन्योन्याश्रय दोष शिकवते. पियानो खरा, कारण तो रेकॉर्डशी जुळतो. रेकॉर्ड खरी, कारण ती पियानोशी जुळते. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर बसायचं आणि दोघांनीही म्हणायचं, बघा मी किती उंच. उदाहरण म्हणून मी दरवेळी बीज आणि अंकुर सांगते. उदाहरण माझ्याच दिवाणखान्यात होतं आणि मी त्यावर जिरेनियम ठेवले होते. त्या दुपारी तुम्ही ज्या पुराव्यापुढे गप्प झालात, तो पुरावाच नव्हता.

लॉकी तळघरात गेला आणि सासूबाईंचं यंत्र वर घेऊन आला. ठिपक्यांची चकती त्यावर ठेवली. ठिपके उभे राहिनात. जत्रेतल्या पाळण्यासारखे पळत सुटले. यंत्र पालथं केलं. खाली वेग कमीजास्त करायचा एक छोटा स्क्रू असतो; वेग वाढला की सूरही चढतो. तो पार टोकापर्यंत पिळलेला, आणि कुणी पुन्हा हात लावू नये म्हणून त्यावर लालभडक नेलपॉलिशचा जाड थेंब.

तो लाल रंग आम्ही दोघांनीही ओळखला. शवपेटीत सासूबाईंच्या नखांवर तोच होता.

पेगी मावशीला बोलावून आणलं. ती यंत्राकडे पाहून अशी हसली की हॅट पडली. "अरे, लग्नापासून फ्लोरा त्याच्या मागे लागली होती. 'आंगस, जरा हात चालव, नाचणाऱ्यांचे पाय गारठतात.' आणि तो म्हणायचा, 'ज्याला घाई आहे त्याने मोटार घ्यावी.' त्याने जन्मात ऐकलं नाही. तो गेला, हे यंत्र आलं, तिला तो स्क्रू सापडला. मला म्हणाली, 'पेगी, आता ऐकतो की नाही बघ.'"

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?" लॉकी म्हणाला.

"मला शपथ घातली होती. शिवाय तुम्हा पोरांना वाटत होतं, बाप वीज होता. मी म्हटलं, असू दे. तुम्ही भांडाल हे मला काय माहीत? मला वाटलं, तुम्ही फिडलवरून भांडताय म्हणजे खरं भांडण जमिनीचं असेल. सगळ्यांचं तेच असतं."

म्हणजे पाहा, हयातभर जे नवऱ्याने ऐकलं नाही, ते सासूबाईंनी त्याच्याकडून मागाहून करवून घेतलं आणि वर साऱ्या काउंटीला त्या तालावर नाचवलं. या घरात फिडल वाजवायला जो येई तो आधी तारा चढवून घेई आणि म्हणे, मॅकफींच्या घरी सूर कसा लखलखतो. एवढ्या वर्षांत एकटे तुम्हीच 'नाही' म्हणालात.

मावशी गेल्यावर लॉकीने मामंजींची रेकॉर्ड नव्या यंत्रावर पुन्हा लावली. या वेळी उजवा कान यंत्राकडे येईल अशी खुर्ची फिरवून बसला. टाचेचा ठेका सुरू झाला तसा मला म्हणाला, "बाबा जिन्यावरून असे उतरायचे. सकाळी. शेगडी पेटवायला. मी विसरलो होतो." रेकॉर्ड संपली. सुई खुरखुरत राहिली. बऱ्याच वेळाने उठून त्याने ती उचलली आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच, चिमणीला उद्देशून, म्हणाला, "रॅनल्ड बरोबर होता."

चिमणी तुम्हाला पत्र लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

सुमेधा

१४ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

"आईने नेलपॉलिश लावली?! दिवसभर हसतोय, फोरमनला वाटतंय मी प्यायलोय." हे तुमचं दुसरं कार्ड मी लॉकीच्या ताटाखाली ठेवलं. त्याने वाचलं. म्हणजे मी तुम्हाला लिहिते हे आता उघड झालं. रागावला नाही. "कानाचं सांगितलंस?" एवढंच विचारलं. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उत्तर दिलं.

शेगडीवरच्या भिंतीला तुमचं कार्ड टाचलं आहे, चित्राची बाजू आत.

आता कामाचं. काल पियानोला सूर लावणारा आला, नील नावाचा, पोर्ट हूडचा. त्याने पियानोचं पोट उघडलं, दोनचार तारा छेडल्या आणि विचारलं, "इतका चढा कुणी ठेवला?"

लॉकी म्हणाला, "माझ्या आईने."

इथे एवढ्यावर चौकशी थांबते.

नीलचं म्हणणं असं की इतका चढलेला पियानो एका बैठकीत उतरत नाही. आज ढोबळ उतरवायचा, तारांना जरा स्वस्थ बसू द्यायचं आणि नाताळच्या आधी पुन्हा येऊन नेमका लावायचा. त्याने ढोबळ उतरवला. मग जाताना वही काढून म्हणाला, "पुढच्या वेळी माझ्या काट्यावर लावतो, म्हणजे बिनचूक."

"नको," लॉकी म्हणाला.

"मग? पुन्हा रेकॉर्डवर?" गावाला आता सगळी कथा माहीत आहे, पेगी मावशीला शपथेतून मोकळं केल्याचा हा परिणाम.

"रेकॉर्डवरही नको. माझ्या भावाच्या फिडलवर लाव. तो तारा लावील, त्यावर पियानो लाव."

"तो पश्चिमेला असतो ना?"

"असतो."

"येणार आहे?"

लॉकीने दिवाणखान्यातली कुंडी उगाच एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवली. "तो येईपर्यंत पियानो असाच राहील."

नील माझ्याकडे पाहू लागला. मी खिडकीकडे पाहू लागले.

तर परिस्थिती अशी आहे: दिवाणखान्यात एक पियानो उघड्या पोटाने बसला आहे, ना चढा ना उतरलेला. शेजारी दगडात ठोकलेल्या फळीवर ते महाराज विराजमान आहेत आणि रोज संध्याकाळच्या चहाला मामंजींना चालवून आणतात. काल पेगी मावशी त्या चालीवर स्वयंपाकघरात नाचली. म्हणाली, "आता कुठे पाय जमिनीला लागतात. एवढी वर्षं नुसती धावपळ." जमीन हलली, पण सुई उडाली नाही. सासूबाईंच्या यंत्राचीही अडगळ होऊ दिलेली नाही. ते जिन्याखालच्या कपाटात आहे, नेलपॉलिशसकट. लॉकी म्हणतो, त्यांचा शब्द आपण कोण मोडणार.

तुमची सुटी कधी असते ते मी विचारत नाही. फक्त एवढं लिहून ठेवते की तुमच्या खोलीतल्या पलंगाचा पाय पाणपातळी लावून सरळ करण्यात आला आहे. आमचा अजून लंगडतोच आहे.

हे लिहीत असताना लॉकी आत आला आणि माझ्या मागे उभा राहिला. उजवा कान माझ्याकडे करून. मी म्हटलं, "काही निरोप?"

"नाही."

खुर्चीत बसला. वर्तमानपत्र उघडलं. पान उलटलं. मग वर्तमानपत्राआडून म्हणाला:

"त्याला लिही, फिडल विमानात हातात घेऊन बस म्हणावं. सामानात टाकू नको. ते लोक पेट्या फेकतात."

तुमची वहिनी,
सुमेधा